हजीऱ्याचा ताळेबंद

मुलताईच्या डोंगरात उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते, तेथे तिच्या डाव्या तीरावर दुमस आणि उजव्या तीरावर हजीरा आहे. ‘हजीरा’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ कुंपण, बंदिस्त जागा असा होतो. पुढे गुजरातेत तो थडग्याच्या वास्तूला लावला जाऊ लागला. बडोद्यातही एक हजीरा आहे. तापीच्या मुखावरील या हजीऱ्याचे नाव मात्र महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीचे झाले ते १९८०च्या दशकात, वायुवाहिनीमुळे. हजीरा–विजयपूर–जगदीशपूर ही वाहिनी येथून निघाली, आणि तिच्या तोंडाशी खत, पोलाद, पेट्रोरसायने यांचे कारखाने उभे राहिले.

त्यांपैकी खताच्या कारखान्यापुरते येथे बोलायचे आहे. कृषक भारती को-ऑपरेटिव्ह, म्हणजे क्रिभको, ही संस्था १९८० साली स्थापन झाली आणि मार्च १९८६ पासून तिचा हजीऱ्याचा कारखाना रीतसर उत्पादन देऊ लागला. मूळ आखणीप्रमाणे तेथे दिवसाला १,१०० टन युरिया करणारे चार संच होते, म्हणजे रोज ४,४०० टन युरिया. रेल्वेच्या वाघिणी आणि मालमोटारी भरभरून पांढरी पोती बाहेर पडतात. पण आत काय येते, असे कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहिले तर काहीच येताना दिसत नाही. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागते, गिरणीत कापसाचे गठ्ठे उतरतात. येथे कच्च्या मालाची एकही गाडी नाही. वायू नळातून येतो, पाणी नळातून येते आणि हवा तर मागावीच लागत नाही. शाळेतल्या मुलाला हे दृश्य दाखवले तर तो सरळ विचारील, की मग या पोत्यांना वजन आले कोठून?

हा प्रश्न बाळबोध वाटला तरी युरोपातील रसायनशास्त्राने त्याचे उत्तर शोधण्यात दीड शतक घालवले. त्या शोधाचा इतिहास आणि हजीऱ्याचा भूगोल एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हजीऱ्याच्या उत्तरेला, त्याच किनाऱ्यावर, सुवाली आहे. तापीच्या मुखात वाळूचे दांडे असल्याने मोठी जहाजे सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. इंग्रज आणि डच यांची गलबते सुवालीच्या खाडीत नांगर टाकीत. १६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांची लढाई याच पाण्यात झाली आणि पुढच्याच वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार आली. शिवाजीमहाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये जी सुरत लुटली ती याच व्यापारावर गबर झालेली होती. आपल्याकडील इतिहासलेखनात सुरत येते ती लुटीच्या निमित्ताने. ती मुळात तराजूंची पेठ होती हे सहसा लिहिले जात नाही. युरोपातून येणारी चांदीची नाणी येथील मोगल टांकसाळीत देऊन त्यांचे रुपये पाडले जात. या व्यवहारात चांदी वितळवणे, कस लावणे, हिणकस भाग काढणे आणि प्रत्येक टप्प्यावर तोलणे ओघाने आलेच.

तोलणाऱ्याला वितळवण्यातली घट ठाऊक असते. सोनाराच्या व्यवहारात घट हा शब्द रूढ आहे आणि त्यावरून होणारी भांडणेही रूढ आहेत. परंतु त्याच सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेणारा, ती धुऊन-गाळून त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी हाही आपल्या जुन्या पेठांतला माणूस आहे. सोनाराच्या वहीत जी घट असते ती झारेकऱ्याच्या पाटीत मिळकत असते. सोने नाहीसे झालेले नसते, त्याची जागा बदललेली असते, एवढा भरवसा असल्याखेरीज कोणी धूळ विकत घेणार नाही. द्रव्याच्या अक्षय्यतेचा हा व्यवहारातला पाठ फार जुना आहे. त्याची मर्यादा एवढीच, की तो डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीपाशी थांबतो. चुलीत दहा शेर लाकूड घातले आणि ओंजळभर राख उरली, तर बाकीचे कोठे गेले हे झारेकऱ्यालाही सांगता येत नव्हते.

सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय रसायनज्ञांनी यावर एक उत्तर योजले होते. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे ज्वलनद्रव्य असते, जळताना ते निघून जाते आणि राख उरते. लाकडाला हे स्पष्टीकरण चपखल बसत होते. धातूंना ते बसेना. कथील, शिसे, पारा हे तापवले की त्यांचे भस्म होते, आणि ते भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते. आपल्या वैद्यांच्या परिचयाचे वंगभस्म घ्या. शंभर तोळे कथील पूर्णपणे भस्म झाले, तर त्याचे सुमारे एकशे सत्तावीस तोळे ऑक्साइड होते. काही निघून गेले असेल तर वजन वाढावे कसे? फ्लॉजिस्टनला ऋण वजन असते, असेही मानून पाहण्यात आले! सिद्धान्त वाचवण्यासाठी माणूस कोणत्या थराला जातो याचे हे एक गमतीदार उदाहरण आहे. पण त्या काळातील मंडळी मूर्ख नव्हती, त्यांच्या जमाखर्चात वायूचे पान नव्हते इतकेच.

रॉबर्ट बॉइलने १६७३ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. त्याने काचेच्या चंबूत कथील घालून तोंड बंद केले, चंबू तापवला, भस्म झाल्यावर तोंड उघडले आणि तोलले. वजन वाढले होते. त्याने निष्कर्ष काढला, की अग्नीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरले असावेत. शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये, पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए याने तोच प्रयोग पुन्हा केला, फक्त एका गोष्टीचा क्रम बदलून. त्याने चंबू उघडण्यापूर्वी तोलला. वजनात फरक पडला नव्हता. मग त्याने तोंड फोडले. बाहेरची हवा आवाज करीत आत शिरली आणि तेव्हा वजन वाढले. वाढ तेवढीच होती, जेवढी कथिलाच्या वजनात झाली होती. अग्नी काचेतून आला नव्हता; चंबूतलीच काही हवा धातूने गिळली होती आणि मोकळी झालेली जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती. साहित्य तेच, कृती तीच. तोलण्याची वेळ बदलली आणि शंभर वर्षांची चूक उलगडली.

याच्याही दोन वर्षे आधी, नोव्हेंबर १७७२ मध्ये, लाव्हाझिएने पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे एक मोहोरबंद टिपण सोपवले होते. गंधक आणि फॉस्फरस जाळले की त्यांचे वजन घटत नाही, उलट वाढते, आणि ही वाढ हवेतून येते, असे त्यात म्हटले होते. हे गंधक वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे हजीऱ्याला पुन्हा भेटणार आहे.

लाव्हाझिएला हे सुचले याचे एक कारण त्याच्या पेशात आहे, असे मला वाटते. तो शास्त्रज्ञ होता तसाच राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या मक्तेदार मंडळींपैकी एक होता. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तो त्या मंडळींत भागीदार झाला. पॅरिस शहरात चोरवाटांनी माल येतो आणि जकात बुडते, म्हणून या मंडळींनी १७८०च्या दशकात शहराभोवती भिंत बांधवली; त्या योजनेमागे लाव्हाझिएच होता. भिंत घालायची, मोजकी दारे ठेवायची, दारातून आत काय गेले आणि बाहेर काय आले ते लिहायचे, आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चोरवाट शोधायची. बंद चंबू हे त्याच भिंतीचे काचेतले रूप आहे. प्रयोगशाळेत या पद्धतीने नवे शास्त्र जन्माला घातले. पॅरिसकरांनी मात्र त्या भिंतीचा राग धरला, आणि करमक्तेदार म्हणून ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

१७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या मूलभूत ग्रंथात हा नियम स्पष्ट शब्दांत आला आहे, पण तो वेगळ्या ‘नियम’ या मथळ्याखाली नाही. द्राक्षरस आंबून मद्य होण्याच्या प्रकरणात, प्रयोगाचे आकडे मांडताना, त्याने तो जाता जाता सांगितला आहे. क्रियेच्या आधी आणि नंतर द्रव्याचे परिमाण सारखेच असते हे गृहीत धरून त्याने साखर व पाणी एका बाजूला, मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या बाजूला ठेवले. पुढच्या पिढीतील रसायनज्ञांना त्या आकड्यांत पुष्कळ चुका आढळल्या. जमा आणि खर्च जुळले खरे, पण काही चुका एकमेकींना खाऊन गेल्यामुळे जुळले. शालेय पुस्तकांत लाव्हाझिएने मोजले आणि नियम सापडला, अशी सरळ कथा असते. वस्तुतः त्याने नियम आधी मानला आणि मोजमाप त्याच्या कसाला लावले. हिशेब न जुळल्यास नियम चुकला असे न म्हणता, काहीतरी निसटले असे म्हणायचे आणि ते शोधायचे, ही ती रीत होती. हवेतून निसटणाऱ्या वायूंना पकडण्याचे, तोलण्याचे शास्त्र जोसेफ ब्लॅक, कॅव्हेंडिश, प्रीस्टली यांनी नुकतेच उभे केले होते. त्यांच्यावाचून ही श्रद्धा पोकळ ठरली असती.

येथे अग्रमानाचा प्रश्न उपस्थित होतो. रशियाच्या लोमोनोसोव्हने १७४८ मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात हाच विचार मांडला होता आणि १७५६ मध्ये बंद पात्रांत धातू तापवून बॉइलचा निष्कर्ष चुकीचा असल्याचे पाहिले होते. पण त्याचे हे काम विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञातच राहिले. आपल्याकडे सांख्यांच्या सत्कार्यवादाकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. कार्य हे कारणात आधीच असते, नसलेल्यातून काही निर्माण होत नाही, हा विचार खोल आहे आणि जुना आहे यात शंका नाही. परंतु जे नाहीसे झाल्यासारखे दिसते ते कोठे आणि किती, हे तो सांगत नाही. ते सांगायला तराजू लागतो. सत्कार्यवाद आणि वंगभस्म करणारा वैद्य हे दोघेही आपल्याच देशात होते. त्यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, या कल्पनेत मी पुष्कळदा रमतो.

हे शास्त्र आपल्या भागात रुजवणाऱ्यांत सुरतेचेच एक गृहस्थ अग्रभागी होते. त्रिभुवनदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेत झाला. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्यांनी १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन सुरू केले. रंगाई, रसायन यांसारखे विषय मातृभाषेतून शिकवावेत असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चापेकरांनी फासलेले डांबर काढण्याचे अवघड काम गज्जरांनीच केले, ही हकीकत त्या काळी फार गाजली. चापेकरांविषयी आदर बाळगणाऱ्या मराठी माणसाला ती ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते, हेही खरे. त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी गज्जरांसह १९०७ मध्ये अलेंबिकचा पाया घातला. ‘अलेंबिक’ म्हणजे अर्क काढण्याचे भांडे. जे उडून जाते ते थंड करून पुन्हा थेंबाथेंबाने मिळवण्याचे साधन. नाव मोठे समर्पक होते.

मराठी पाठ्यपुस्तकांनी या नियमाला ‘द्रव्य अक्षय्यतेचा नियम’ हे नाव दिले. तो पडताळण्याचा शाळेतला प्रयोग सर्वांना आठवत असेल. चंबूत बेरियम क्लोराइडचे द्रावण, त्यात दोऱ्याने टांगलेल्या लहान नळीत सोडियम सल्फेटचे द्रावण, वर घट्ट बूच. तोलायचे, चंबू कलंडून द्रावणे मिसळू द्यायची, पांढरा साका पडतो, पुन्हा तोलायचे. दोनशे आठ भाग बेरियम क्लोराइड आणि एकशे बेचाळीस भाग सोडियम सल्फेट यांतून दोनशे तेहतीस भाग बेरियम सल्फेट व एकशे सतरा भाग मीठ मिळते. दोन्हीकडे बेरीज तीनशे पन्नास. या प्रयोगाचा थोर पूर्वज म्हणजे हान्स लांडोल्ट या जर्मन रसायनज्ञाचे काम. दोन उभे बाहू आडव्या नळीने जोडलेल्या काचेच्या पात्रांत द्रावणे सीलबंद करून त्याने १८९३ पासून सुमारे पंधरा वर्षे तोलण्याचा हा उद्योग चालवला आणि कोटीत एका भागाइतकाही निश्चित फरक त्याला आढळला नाही.

फरक असतो, हे आइन्स्टाइनच्या १९०५ मधील समीकरणानंतर आपल्याला कळले. पण तो इतका अल्प, की एक किलो कोळसा जळताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेमागे एका ग्रॅमचा साधारण तीस लाखावा भाग कमी होतो. असा तराजू कोणत्याही रसायनशाळेत नाही. ज्यांना हा अपवाद ठळक रूपात पाहायचा असेल त्यांनी हजीऱ्याहून तापीच्या वरच्या अंगाला काक्रापारला जावे. तेथील अणुवीजकेंद्र १९९३ पासून वीज देत आहे आणि विखंडन पावलेल्या युरेनियमच्या वस्तुमानाचा जवळजवळ हजारावा भाग तेथे ऊर्जा होऊन जातो. रसायनाच्या कारखान्यात मात्र लाव्हाझिएचेच राज्य अबाधित आहे.

आता त्या कारखान्याच्या फाटकाशी परत येऊ. नळातून येणारा वायू कोठून येतो? मुंबईच्या वायव्येस समुद्रतळाखाली असलेल्या दक्षिण बसीन या वायुक्षेत्रातून. बसीन म्हणजे आपली वसई; चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली ती. इंग्रजी नकाशावरचे हे जुने नाव वायुक्षेत्राला चिकटले आणि वायूचा वसईशी असलेला संबंध मराठी माणसाच्याही नजरेआड झाला. समुद्रतळावरून दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून हा वायू हजीऱ्याला किनाऱ्यावर येतो. तो ‘आंबट’ असतो, म्हणजे त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला असतो. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पात तो वेगळा काढतात. पण वेगळा काढून ठेवायचा कोठे? तसाच सोडावा तर माणसे मरतील, जाळून सोडावा तर हवेत सल्फर डायऑक्साइड जाईल. म्हणून त्याचे बेताने ऑक्सिडीकरण करून गंधक मिळवतात. अडुसष्ट भाग हायड्रोजन सल्फाइड आणि बत्तीस भाग ऑक्सिजन यांतून चौसष्ट भाग गंधक आणि छत्तीस भाग पाणी. लाव्हाझिएच्या मोहोरबंद टिपणात गंधक जळून हवेत मिसळत होते. येथे त्याला हवेत मिसळण्याआधीच पकडतात.

गोड झालेला वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, खत कारखान्यात शिरतो. तेथे पाण्याच्या वाफेशी त्याची क्रिया होते: सोळा भाग मिथेन आणि छत्तीस भाग पाणी यांतून चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड आणि आठ भाग हायड्रोजन मिळतो. हवेतील नायट्रोजनचे अठ्ठावीस भाग या हायड्रोजनच्या सहा भागांशी जोडले की चौतीस भाग अमोनिया तयार होतो. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये दाखवलेली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये कारखान्यात उतरवलेली ही क्रिया. मग चौतीस भाग अमोनिया व चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड यांना दाबाखाली एकत्र आणतात आणि साठ भाग युरिया व अठरा भाग पाणी मिळते. चौतीस अधिक चव्वेचाळीस म्हणजे अठ्ठ्याहत्तर. साठ अधिक अठरा म्हणजेही अठ्ठ्याहत्तर. इयत्ता नववीच्या मुलाला हा हिशेब करता येतो, आणि दिवसाला हजारो टनांचा कारखाना यापेक्षा वेगळ्या कोणत्याही गणितावर चालत नाही.

हेच प्रमाण दिवसाच्या ४,४०० टनांना लावून पाहावे. त्यासाठी सुमारे २,४९३ टन अमोनिया आणि ३,२२७ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. आणि युरियाबरोबर १,३२० टन पाणी निघते. कारखान्याची मूळ अमोनिया-क्षमता दिवसाला २,७०० टन होती, म्हणजे कागदावरील गरजेपेक्षा थोडी अधिक. प्रत्यक्षात थोडेफार निसटणारच, हे आखणी करणाऱ्याने आधीच धरलेले असते. त्या ४,४०० टन युरियात नायट्रोजन साधारण २,०५३ टन असतो, आणि तो सगळाच्या सगळा हवेतला. कार्बन ८८० टन. तो वसईच्या समुद्राखालचा. ऑक्सिजन १,१७३ टन, मुख्यतः पाण्यातून आणि काही हवेतून. उरलेला तीनशे टनांच्या आतला हायड्रोजन अर्धा वायूचा, अर्धा पाण्याचा. पोत्याचे वजन कोठून आले, या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे: जवळजवळ निम्मे वजन त्याच्या डोक्यावरच्या आकाशातून आले आहे.

एक उपकथा सांगण्याजोगी आहे. पूर्वी नाफ्त्यावर चालणाऱ्या खत कारखान्यांत कार्बन डायऑक्साइड उरत असे. शुद्ध मिथेनवर मात्र तो थोडा कमी पडतो, कारण मिथेनमध्ये हायड्रोजनच्या मानाने कार्बन कमी. अमोनिया आहे पण त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड नाही, अशी अडचण उभी राहते. इफ्कोच्या आंवला व फुलपूर येथील कारखान्यांत २००६ साली यावर उपाय म्हणून भट्टीच्या धुराड्यातून निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड धुऊन परत मिळवण्याचे संच बसवले गेले. सोनाराच्या दारातल्या झारेकऱ्याचाच हा धंदा, धुळीऐवजी धुरातला.

हजीऱ्याच्या पोलाद कारखान्यात हिशेबाची दिशा उलटी आहे. मूळचा एस्सारचा हा कारखाना २०१९ अखेरीस आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्याकडे गेला. तेथे वायूच्या साहाय्याने लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतात. शुद्ध हेमेटाइटच्या शंभर किलोंतून सत्तर किलो लोखंड मिळते. तीस किलो ऑक्सिजन कार्बनशी वा हायड्रोजनशी जोडी जमवून वायुरूपाने निघून जातो. फ्लॉजिस्टनवाले म्हणत, की खनिजात फ्लॉजिस्टन भरले म्हणजे धातू होतो. भरल्यावर वजन तीस टक्के घटते, ही त्यांची जुनी पंचाईत हजीऱ्याच्या भट्टीत रोज घडते आणि तिचे कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

‘अक्षय्य’ या शब्दाविषयी मात्र एक शंका मनात येते. मराठी मनाला तो अक्षय्य तृतीयेपासून परिचित आहे. त्याला कधीही न सरणाऱ्या पुण्याचा, भरल्या कोठाराचा वास आहे. मुलाने ‘द्रव्य अक्षय्य आहे’ हे वाक्य पाठ केले की त्याच्या मनात न संपणाऱ्या साठ्याचे चित्र उमटण्याचा संभव असतो. नियम तसे काही सांगत नाही. वसईखालचा कार्बन अक्षय्य आहे. वसईखालचा वायू अक्षय्य नाही. तो सरतो, म्हणून २००५ पासून हजीऱ्याच्या बंदरात परदेशातून जहाजांनी द्रवरूप वायू येऊ लागला. गंधकाचा, कार्बनचा एकही अणू हरवत नाही, आणि नेमका म्हणूनच तो नको तेथे जाऊन बसतो. दुसरीही गोष्ट अशी, की बूच लावलेल्या चंबूतला प्रयोग पाहून मुलाची समजूत होते की नियम बुचाच्या आत लागू आहे. बूच असते ते तोलणाऱ्याच्या सोयीसाठी.

कारखान्याचे बूच म्हणजे त्याचे फाटक. त्याबाहेर पोते गेले की कारखान्याची वही बंद होते. वही कोणी पुढे चालवली तर काय दिसते? जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या कपाशीच्या शेतात युरिया टाकला, पाऊस पडला, की मातीतील एका विकराच्या साहाय्याने काही दिवसांत त्याचे विघटन होते. साठ भाग युरिया मातीतले अठरा भाग पाणी घेतो आणि चौतीस भाग अमोनिया व चव्वेचाळीस भाग कार्बन डायऑक्साइड सोडतो. हजीऱ्याला जोडलेले समीकरण शेतात उलटे लिहिले जाते. पीक हवेतून कार्बन घेते, युरियातला त्याला नको असतो. म्हणून वसईच्या समुद्राखालून काढून पोत्यात बंद केलेला तो सगळा कार्बन शेतातून हवेत जातो. युरिया करताना कार्बन डायऑक्साइड ‘वापरला’ गेला असे म्हणून जी बाजू जमेस धरली जाते, ती कारखान्याच्या वहीपुरती खरी आहे.

नायट्रोजनचा पुढचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे. दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या वाट्याला सहसा निम्म्याहून कमी येते. काही अमोनिया होऊन उडते. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर विहिरींत आणि नाल्यांत उतरते. थोडे नायट्रस ऑक्साइड होऊन वातावरणात जाते, आणि तो वायू तापमानवाढीच्या बाबतीत वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट भारी पडतो. खानदेशातले नाले गिरणा, पांझरा, वाघूर यांना मिळतात. त्या तापीला मिळतात. आणि तापी हजीऱ्याला समुद्रात शिरते. वसईचा कार्बन आणि सुरतेची हवा घेऊन रेल्वेने वर गेलेल्या पोत्यातला काही भाग असा नदीने खाली परत येतो. सोनाराच्या घटीसारखी ही घट आहे, पण ती वेचायला कोणी झारेकरी नाही.

शासनाने घटीवर दोन उपाय केले. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते आणि नत्र पिकाला अधिक काळ उपलब्ध राहते. दुसरा उपाय तराजूचा होता. आपला शेतकरी युरिया किलोंत मोजत नाही, एकरी पोत्यांत मोजतो, हे हेरून मार्च २०१८ पासून पोते ५० किलोंऐवजी ४५ किलोंचे करण्यात आले. जुन्या पोत्यात २३ किलो नत्र असे, नव्यात २०.७ किलो. पोत्यांची संख्या तीच राहिली तर प्रत्येक पोत्यामागे सव्वादोन किलोंहून थोडे अधिक नत्र शेताबाहेर, आणि म्हणून नदीबाहेरही, राहावे अशी ही योजना होती.